लग्नाची फुलं: हंगामाची की हट्टाची?

देठवाली

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी लग्नाच्या फुलांचं काम करते. दोन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली बादल्या घासल्या, देठ छाटले, गुलाबाचे काटे काढले. स्वतःचं सुरू करून आता चौथा हंगाम. ठरीव पॅकेजं मी ठेवत नाही. जोडप्याशी निवांत बसून बोलायचं, कपड्यांचे रंग बघायचे, जागेवर उजेड कुठून येतो ते बघायचं आणि त्या आठवड्यात मळ्यात जे खरोखर फुललंय त्यातून त्यांच्यापुरतं काहीतरी घडवायचं, अशी माझी रीत. सांगायला फार गोड वाटतं. प्रत्यक्षात पहिल्याच भेटीत समोरून मोबाइल पुढे येतो आणि "अगदी हेच हवंय" हे ऐकायला मिळतं.

परवाचंच घ्या. मुलीला हातातल्या गुच्छात पिओनी हव्यात. फिकट गुलाबी, एका फुलाने ओंजळ भरेल एवढ्या. लग्न फेब्रुवारीत. मी म्हटलं, त्या सुमाराला पिओनी नसतात. तर म्हणाली, "पण तुम्ही सगळं आमच्या मनासारखं करून देता ना?" यावर मला बोलताच आलं नाही. करून देते हे खरं, पण फूल मी कुठे करते, ते झाड करतं!

दुसरी गोष्ट जरा ओशाळून सांगतेय. गेल्या हंगामात एका लग्नात टेबलांवर हायड्रेंजिया होती, फुलांचे मोठे गोल गेंद. आदल्या रात्री सगळं टवटवीत. सकाळी मांडून झालं, पाहुणे यायला तासभर होता आणि बघते तर नऊपैकी चार गेंदांनी माना टाकलेल्या. ओल्या रुमालासारखे लोंबत होते अक्षरशः. कमानीच्या मागच्या बाजूची फुलं उपसून तिथे भरली. कोणाच्या लक्षात आलं नाही, पण मला त्या रात्री झोप नाही. पाणी भरपूर होतं, देठ ताजे कापले होते, मग चुकलं काय?

तर हंगामी काम करणारे तुम्ही लोक ग्राहकाला "नाही" कसं सांगता? लेखी काय देता? आणि फुलं किती जास्तीची धरता?

सावकाश

ये ये, स्वागत. (एकेरीत बोलतेय, मी तुझ्या आईच्या वयाची असेन.)

"नाही" सांगायची वेळच येऊ द्यायची नाही. फोटो पुढे आला की फुलाचं नाव घ्यायचंच नाही. विचारायचं, "यातलं तुला नक्की काय आवडलं?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला जमायला दहा वर्षं लागली. मुली बोलायला लागतात. एक म्हणते पाकळ्या किती गच्च आहेत बघा, एक म्हणते मधोमध गडद आणि कडेला फिकट होत जातं ते. एकीने मला सांगितलं होतं, "हे फूल घाईत नाही वाटत." ते वाक्य मी तसंच वहीत उतरवलं आणि तिचं सगळं काम त्यावर केलं. फुलाचं नाव बहुतेकींना फोटोखाली वाचून कळलेलं असतं, त्यात जीव अडकलेला नसतो. क्वचित अडकलेलाही असतो, म्हणजे आजीच्या अंगणात तेच फूल होतं वगैरे. तिथे वाद घालायचा नाही, तारीख पुढेमागे होते का ते विचारायचं.

तुझ्या मुलीचं उत्तर बहुधा गच्च, गोल, फिकट असं येईल. मग तुझ्या हातात रॅननक्युलस आहे, दुहेरी पाकळ्यांचा ट्यूलिप आहे, लिसिअँथस आहे, बागेतला भरगच्च गुलाब मिळाला तर तोही. तीन रॅननक्युलस एकमेकांना खेटून बांधले की लांबून एका पिओनीएवढा गोळा दिसतो. पण हे तोंडी सांगू नकोस आणि फोटोही दाखवू नकोस. पुढच्या भेटीला पाच देठ घेऊन जा, तिच्या हातात दे आणि चहाचं निमित्त काढून पाच मिनिटं बाहेर जा.

पिओनीचं तिला एकदा नीट समजावून सांग म्हणजे तू टाळतेयस असं वाटणार नाही. त्या झाडाला कडक थंडीची झोप लागते, त्याशिवाय कळीच धरत नाही. उत्तर गोलार्धात मुख्य बहर मे-जूनचा. अलास्कात उन्हाळाच उशिरा येतो म्हणून तिथली फुलं जुलैपासून पुढे निघतात. न्यूझीलंड, चिली इथली ऑक्टोबर ते डिसेंबर. कळी दाबल्यावर मऊ लागायला लागली की कापून, कोरडीच गुंडाळून शून्य-एक अंशावर ठेवली तर महिनाभर तग धरते, आणि शेतकरी तसं करतातही. तरी डिसेंबरची कळी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ओढली तर उघडताना दगा देणारच. फेब्रुवारी म्हणजे दोन्ही बाजूंच्या मधली फट आहे.

लेखी काय द्यायचं? रंगांचा पट्टा, प्रत्येक रचनेचं माप, किती रचना, कुठे ठेवायच्या आणि गंध हवा की नको. एवढ्याला बांधील राहायचं. फुलांची नावं "यांपैकी" या शब्दाखाली घालायची. माझ्याकडे एक ओळ असते: "फुलांची अंतिम निवड त्या आठवड्यातल्या मालाच्या प्रतीनुसार, रंग, आकार व भरगच्चपणा ठरल्याप्रमाणे." ही ओळ मी मोठ्याने वाचून दाखवते आणि त्यापुढे त्यांची सही घेते.

उगाचच_एक

मी या धंद्यातला नाही, त्यामुळे कदाचित चुकीचं बोलेन. पण ग्राहक पैसे मोजतोय, त्याला एक विशिष्ट फूल हवंय, तर जगातून कुठूनही आणून देणं हेच तुमचं काम ना? हंगाम वगैरे छोट्या कामांत ठीक. मोठ्या, श्रीमंत लग्नांत कोण हंगाम बघत बसतं?

जाळीवाला

@उगाचच_एक, ब्रिटनचा राजवाडा बघत बसतो :) २९ एप्रिल २०११चं विल्यम आणि केट यांचं लग्न आठवतंय का? वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये आत दोन्ही बाजूंना जिवंत झाडं उभी केली होती, मेपल आणि हॉर्नबीमची, कोवळ्या पालवीसकट. शेन कॉनली या फ्लोरिस्टचं काम. वसंतातली पालवी हीच सजावट. झाडं कुंड्यांत होती, नंतर जमिनीत लावता येतील अशी. आणि नवरीच्या हातातला गुच्छ केवढासा! लिली ऑफ द व्हॅली, स्वीट विल्यम, हायसिंथ, आयव्ही, मर्टल. २०१८ला हॅरी-मेगनच्या वेळी फिलिपा क्रॅडॉक होत्या, तेव्हाही बीच, बर्च, हॉर्नबीमच्या फांद्या आणि मे महिन्यातल्या पिओनी, फॉक्सग्लव्ह. इथे पिओनी चालली कारण लग्न मेमध्ये होतं.

उगाचच_एक

बरं, हा मुद्दा गेला. दुसरा आहे. हंगामी म्हणजे स्वस्त, असं समजून गेलं तर?

माती_लागलेले_हात

ते तर अजिबात समजू नका, म्हणून मला लिहावं लागतंय. मी पिकवणारा आहे. कापायची फुलं लावतो आणि चार-पाच फ्लोरिस्टना देतो.

हंगामी फूल विमानाचं भाडं वाचवतं, पण माणसाचे हात तेवढेच लागतात, कधी जास्त. शिवाय मला तुमची तारीख पेरणीच्या आधी कळली तर उपयोग. लोक लग्नाच्या तीन आठवडे आधी फोन करतात आणि म्हणतात, तांबूस छटेचा झिनिया आहे का. अहो, झिनिया बी टाकल्यापासून दोन-अडीच महिन्यांनी फुलतो. शेंडा खुडला तर आणखी थोडा उशीर, पण मग एका रोपाला भरपूर लांब देठ मिळतात. एकाच देठाचं सूर्यफूल दोनेक महिन्यांत येतं. डेलियाचा कंद लावल्यापासून साधारण तीन महिने धरा. म्हणून मी एकदम पेरत नाही, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरतो. एखादी पेर पावसाने झोपली तरी पुढची असते.

शेवंतीचं गणित वेगळंच आहे. तिला रात्र मोठी लागते. दिवस लांब असले की ती नुसती पानं काढत बसते. गार्नर आणि ॲलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२०मध्ये हे दिवसाच्या लांबीचं प्रकरण मांडलं, तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून. तेव्हापासून शेवंतीवाले काळं कापड ओढून तिला खोटी रात्र दाखवतात, किंवा उशिरा हवी असेल तर मध्यरात्री दिवे लावून तिची रात्र मोडतात. त्यामुळे शेवंती वर्षभर "हंगामी" असते, घ्या!

आता कापणी. देठवाली ताई, तुम्ही मळ्यात येत असाल तर झिनियाची एक खूण सांगतो. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर देठ दोन बोटांत धरायचा आणि हलवायचा. मान ताठ राहिली तर कापायचं. मान लुळी पडली, फूल डुगडुगलं तर ते कितीही सुंदर दिसो, हात लावायचा नाही. ते बादलीत गेल्यावर दोन तासांत मान टाकणार आणि नंतर कितीही पाणी पाजा, उठणार नाही. रंग पूर्ण आला म्हणून फूल तयार झालं असं नसतं, हे नव्या लोकांना पटवताना माझा जीव जातो. डेलिया मात्र जवळजवळ पूर्ण उमललेला कापायचा, कळीत कापला तर तसाच राहतो. आणि तो चार-पाच दिवसांचा पाहुणा, लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे कापलेला बरा.

सावकाश

शेवटचं वाक्य सोन्याचं. आमच्याकडे लोक डेलिया बुधवारी आणून रविवारपर्यंत फ्रिजमध्ये कोंडतात आणि मग डेलियाला नावं ठेवतात.

परागकण

देठवाली, तुझ्या हायड्रेंजियाचं. (कापलेल्या फुलांचं आयुष्य वाढवणं हा माझा अभ्यासाचा विषय होता, आता फक्त हौस.)

हायड्रेंजियात आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं आहेत, आणि एका गेंदात ती शेकड्यांनी असतात. एवढ्या पसाऱ्यातून पाणी उडून जाण्याचा वेग मोठा, आणि वर चढवायला एकच देठ. त्या देठाच्या नळ्यांत हवेचा बुडबुडा किंवा जिवाणूंचा चिकटा अडकला की पुरवठा तुटतो. मग बादली काठोकाठ भरलेली असली तरी फूल तहानलेलंच. तू म्हणतेस नऊपैकी चार गेले, म्हणजे बहुधा ते चार कोवळे होते. कोवळा गेंद हाताला मऊ आणि ओलसर लागतो, जून झालेला थोडा कागदासारखा. लग्नाला जूनच घ्यायचा.

मान टाकलेला गेंद परत उठतो, हे लक्षात ठेव. देठ पुन्हा तिरका कापायचा आणि सगळा गेंद पाण्यात उलटा बुडवून अर्धा-पाऊण तास ठेवायचा. निदलांतूनही तो पाणी पितो. कापलेलं टोक तुरटीच्या पुडीत बुडवायची जुनी रीत आहे, बरेच जण करतात. देठ हातोडीने ठेचायची मात्र सोडून द्या रे सगळ्यांनी. ठेचल्याने नळ्याच चिरडतात आणि जिवाणूंना आयती जागा मिळते.

पाण्याबद्दल थोडकं. फुलांच्या पाण्यात घालायची जी पुडी मिळते तिच्यात तीनच गोष्टी असतात: खायला साखर, पाणी आम्ल करायला काहीतरी आणि जिवाणू मारायला काहीतरी. नुसती साखर घातली तर तुम्ही जिवाणू पाळताय. बादली स्वतःच्या पेल्याइतकी स्वच्छ हवी, मी तर म्हणतो त्यातून प्यायची तयारी हवी.

थंडावा फुलाप्रमाणे. गुलाब, ट्यूलिप, रॅननक्युलस यांना दोन ते चार अंश चालतात. ऑर्किड, अँथुरियम ही उष्ण प्रदेशातली मंडळी, त्यांना बारा-तेरा अंशांच्या खाली नेलं तर डाग पडतात. एकाच फ्रिजमध्ये सगळं कोंबलं की कोणीतरी मरतं. आणि त्या फ्रिजमध्ये पिकलेली फळं ठेवायची नाहीत. फळांतून इथिलीन वायू सुटतो, कार्नेशन, स्वीट पी, डेल्फिनियम यांना तो अगदी थोडाही पुरतो. कार्नेशन झोपल्यासारखं मिटतं आणि डेल्फिनियम एका रात्रीत पाकळ्या गाळून मोकळं होतं.

डॅफोडिल आणि नार्सिसस यांना पहिली रात्र वेगळ्या बादलीत ठेव. त्यांच्या देठातून बुळबुळीत रस येतो, तो बाकीच्या फुलांना, त्यातही ट्यूलिपला बाधतो. रात्रभरात रस गळून गेला की मग एकत्र करायचं, फक्त देठ पुन्हा कापायचा नाही, नाहीतर परत पहिले पाढे पंचावन्न.

निळाई

मध्येच घुसतेय. माझ्या बहिणीला निळे गुलाब हवेत, खरे निळे. असतात का हो?

परागकण

नसतात. गुलाबात ते निळं रंगद्रव्यच तयार होत नाही. सनटोरी कंपनीने पॅन्सीचं जनुक घालून एक गुलाब केला आणि २००९मध्ये जपानात विकायला आणला, तोही बघितला तर जांभळट दिसतो. बाजारातले गडद निळे म्हणजे रंगवलेले, आणि तो रंग घाम आलेल्या हाताला लागतो. बहिणीच्या कपड्यांचा विचार करा. निळंच हवं तर डेल्फिनियम, कॉर्नफ्लॉवर, मस्कारी, जे तेव्हा मिळेल ते.

अलीकडचीच_नवरी

मला दुसऱ्या बाजूचं सांगायचंय, आणि देठवाली, हे तुझ्यावर नाही, मनावर घेऊ नकोस.

माझ्या लग्नाला मी मुद्दाम हंगामी काम करणारी फ्लोरिस्ट निवडली होती. नाव सांगत नाही. पहिल्या भेटीत फार सुंदर बोलली, "निसर्ग जे देईल ते". मला ते इतकं आवडलं की मी काहीच विचारलं नाही. लग्नाच्या दिवशी निसर्गाने काय दिलं? अर्धं काम पानांचं, मध्ये विखुरलेली छोटी पिवळी फुलं. पिवळा मला नको हे मी दोनदा सांगितलं होतं. विचारलं तर म्हणाली, "या आठवड्यात हेच होतं." मी काय बोलणार? मला कुठे माहीत होतं त्या आठवड्यात काय होतं ते!

हंगाम हा शब्द ग्राहकाला तपासता येत नाही. तो तुमच्या हातात आहे. म्हणून वर जी "अंतिम निवड उपलब्धतेनुसार" ओळ दिलीय ती वाचून माझ्या पोटात गोळाच आला.

सावकाश

तुझं अगदी बरोबर आहे आणि मी ती ओळ अर्धीच सांगितली, चूक माझी.

त्याच कागदावर खाली "काय असणार नाही" असा रकाना असतो. तू असतीस तर तिथे "पिवळा नाही" असं लिहिलं असतं आणि मग बाजारात फक्त पिवळंच असतं तरी ती माझी अडचण झाली असती, तुझी नाही. फूल बदलायची मोकळीक मी घेते, पण त्यांनी नको म्हटलेलं आत घालायची नाही. दुसरं म्हणजे लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी मी मळ्यात किंवा बाजारात जाऊन, जे असेल त्याचे चार देठ साध्या उजेडात धरून फोटो पाठवते. साधा, न सजवलेला फोटो. तेव्हा नको म्हणायला वेळ असतो. तिसरं, पानांचं प्रमाण आधी बोलायचं. पानं वाईट नाहीत, पण फुलं कमी पडली म्हणून घातलेली पानं लगेच ओळखू येतात.

जास्तीची फुलं: ठणठणीत फुलांना दहा टक्के, नाजूक मानेच्यांना वीस. आणि सगळं मोजून, अंदाजाने नाही. एका गुच्छाचा एक नमुना बांधायचा, मग सोडवून देठ मोजायचे. कंटाळवाणं काम आहे. माझ्या हाताखालच्या मुली याच कामाला सर्वांत जास्त नाकं मुरडतात.

जाळीवाला

फोमचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो, नाहीतर हे आयडी घेऊन काय उपयोग.

हिरवा फोम, म्हणजे पाण्यात भिजवून त्यात फुलं खोचायची ती वीट, १९५४मध्ये व्हर्नन स्मिदर्स यांनी काढला. ती फिनॉल-फॉर्मल्डिहाइडची राळ, म्हणजे प्लास्टिकच. हातात चुरडला की जी पूड उडते ती सिंकमधून थेट पाण्यात जाते. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलंय की पाण्यातले जीव हे कण खातात आणि त्यातून झिरपणारी रसायनं त्यांना बाधतात. ब्रिटनमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेने आपल्या प्रदर्शनांतून फोम बाद केला आहे.

आणि फोमच्या आधी काय होतं? कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी! कॉन्स्टन्स स्प्राय या बाई १९३०च्या दशकात लंडनमध्ये जाळीचा गोळा करून भांड्यात बसवायच्या आणि त्यात केलची पानं, रानगवत, फळं लागलेल्या फांद्या, काय वाट्टेल ते खोचायच्या. १९३७चं ड्यूक ऑफ विंडसर (राजपद सोडलेले आठवे एडवर्ड) यांचं लग्न त्यांनी सजवलं. बाजारातून महागडी फुलं आणण्यापेक्षा कुंपणावरचं काहीतरी उचलून आणणं त्यांना आवडायचं.

जाळीत एक सोय अशी की देठ खरोखर पाण्यात असतो. फोममध्ये एकदा खोचलेला देठ मागे ओढला की खाली पोकळी राहते आणि फूल कोरडं पडतं. ही चूक सगळे करतात. देठवाली, तुमची हायड्रेंजिया फोममध्ये होती का?

देठवाली

होती! आणि मी दोन-तीन फुलं उंची जुळवायला मागे ओढली होती, नक्की आठवतंय. अरे देवा.

सावकाश

जाळीवाला, स्प्रायबाईंचं नाव घेतलंस म्हणून. गुलाबाच्या नव्या जाती तयार करणारे डेव्हिड ऑस्टिन यांनी १९६१मध्ये बाजारात आणलेला त्यांचा पहिला गुलाब याच बाईंच्या नावाचा. उन्हाळ्यात एकदाच फुलतो, बाकी वर्षभर नुसते काटे. लोक त्याच्यासाठी भिंत अडवून ठेवतात.

माती_लागलेले_हात

एक सुरक्षिततेचं राहिलं. हंगामात जे मिळेल ते घ्या म्हटलं की लोक कुंपणावरून कण्हेर तोडून आणतात. कण्हेर विषारी, फॉक्सग्लव्ह आणि लिली ऑफ द व्हॅलीही विषारी. गुच्छात असायला हरकत नाही, पण जेवणाच्या ताटाजवळ, लहान मुलांच्या हातात अजिबात नको. युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टरच गाठावा लागतो. हातमोजे घाला. मी एकदा नाही घातले.

देठवाली

दोन महिन्यांनी परत आले. लग्न झालं. सांगते काय काय झालं ते.

सावकाशताईंचं ऐकून पाच देठ घेऊन गेले आणि खरंच उठून बाहेर गेले. परत आले तर मुलगी रॅननक्युलसच्या पाकळ्या एकेक बाजूला करून आत काय आहे ते बघत होती, लहान मूल कांदा सोलतं तसं. मग बोलायला लागली. तिला पिओनीचं काय आवडत होतं तर ते फूल दिवसभर उघडत जातं, सकाळी वेगळं दिसतं आणि संध्याकाळी वेगळं. हे मी कितीही डोकं खाजवलं असतं तरी मला सुचलं नसतं. मग ठरलं की गुच्छ अर्धा मिटलेला द्यायचा. रॅननक्युलस तीन दिवस आधी घेतले, पण पूर्ण उमलू दिले नाहीत, लग्नाच्या सकाळपर्यंत थंडीत ठेवले. दुहेरी ट्यूलिप, पांढरा नार्सिसस, थोडी हायसिंथ. "काय असणार नाही" या रकान्यात तिने "जिप्सोफिला" (ती भरतीची बारीक पांढरी फुलं) एवढंच लिहिलं, आणि त्याखाली तीनदा रेघ मारली.

चुकाही झाल्या. नार्सिसस वेगळ्या बादलीत ठेवला, शाबासकी द्या. पण ट्यूलिप कापल्यावरही वाढतो हे वाचून माहीत असूनही मी गुच्छ रात्री बांधून ठेवला. सकाळी बघते तर सगळे ट्यूलिप बाकीच्या फुलांच्या दोन बोटं वर आलेले आणि खिडकीकडे वळलेले, वर्गातल्या मुलांनी बाहेर काहीतरी बघावं तसे. पूर्ण सोडवून पहाटे पाचला परत बांधला. यावेळी ट्यूलिप मुद्दाम खाली दडवले, तर दुपारपर्यंत बरोबर पातळीत आले. फोटोत छान दिसतंय. त्यात अक्कल होती असं मी ग्राहकाला सांगितलंय, तुम्ही कुठे बोलू नका.

कमान जाळीवर केली, फोम शून्य. मागच्या बाजूने जाळी दिसत होती आणि फोटोग्राफर नेमका मागेच गेला. धावत जाऊन पानं खोचली. नवऱ्याच्या कोटावरचं फूल दोन करून ठेवलं होतं, कारण मिठ्या मारून मारून पहिलं चपटं होतं. झालंच. दुसरं दुपारी लावलं.

हायड्रेंजिया वापरली नाही. अजून धीर होत नाही.

रॅननक्युलसने मात्र रडवलं. साठ घेतले होते, त्यातल्या अकरांच्या माना बांधताना मोडल्या. देठ पोकळ आणि वर जड फूल. वीस टक्के जास्तीचे धरले होते म्हणून निभावलं.

परागकण

मान मोडू नये म्हणून तार घातली होतीस का?

देठवाली

बाहेरून गुंडाळली होती, टेप लावून. ती दिसत होती म्हणून अर्ध्यांची काढून टाकली. आणि त्याच मोडल्या बहुतेक.

सावकाश

बाहेरून नाही गं. देठ पोकळ आहे ना, आतूनच घाल. २२ गेजची, खालून वर सरकवत न्यायची, फुलाच्या बुडाशी जराशी अडकली की थांबायचं. जास्त रेटलीस तर वर पाकळ्यांतून टोक येईल. आधी मोडलेल्या अकरांवर सराव कर.

देठवाली

त्या अकरांपैकी नऊ घरी वाटीत पोहतायत. दोन सरावाला घेते.